आकडा एका दारातून, त्याचा अर्थ दुसऱ्या दारातून: प्राधान्याचा कर्नल इंटरफेस कसा असावा?

मूळ धागा

नेटवर्क ट्रॅफिकला प्राधान्य देण्यासाठी लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) नव्याने इंटरफेस करायचा झाला तर तो कसा असावा, यावर चर्चा हवी आहे. माझं मत आधीच मांडतो. प्राधान्याचा आकडा आणि त्या आकड्याचा अर्थ, दोन्ही कर्नलला एकाच नेटलिंक (कर्नलशी संदेशांनी बोलायचा मार्ग) संदेशात सांगता आले पाहिजेत. आज तसं होत नाही आणि त्याचा फटका मी खाल्ला आहे.

आजची रचना अशी: प्रत्येक पॅकेटसोबत कर्नल एक प्रायॉरिटीचा आकडा वागवतो. तो अ‍ॅप्लिकेशन स्वतः सॉकेटवर (नेटवर्क जोडणीच्या आपल्या टोकावर) एसओ_प्रायॉरिटी या पर्यायाने लावतं, नाहीतर अ‍ॅडमिन नेट_प्रायो या, प्रोसेसचे गट सांभाळणाऱ्या सीग्रुप सोयीतल्या कंट्रोलरच्या (कर्नल ३.३, २०१२) आयएफप्रायोमॅप फाइलमध्ये 'ईटीएच० ५' (कार्डाचं नाव आणि आकडा) अशी ओळ लिहून अख्ख्या प्रोसेसगटाला लावतो. त्या आकड्याचं पुढे काय करायचं हे ठरवते क्यूडिस्क (पॅकेटं रांगेत लावून कार्डाकडे पाठवणारी व्यवस्था), आणि ती येते टीसी (ट्रॅफिक कंट्रोल) कमांडमधून. एमक्यूप्रायो नावाची क्यूडिस्क असेल तर १६ आकड्यांच्या तक्त्यावरून ट्रॅफिक क्लास ठरतो आणि क्लासवरून कार्डाची रांग. पीफिफो_फास्ट असेल तर तक्ता निराळा आणि पट्टे (प्राधान्याचे स्तर) तीनच.

आमच्या मशीनवर स्टोरेज आणि बॅकअप एकाच कार्डावरून जात होते. स्टोरेजच्या गटाला ५ दिला होता, बॅकअपला काहीच नाही, म्हणजे ०. एमक्यूप्रायोच्या तक्त्यात ५ ला स्वतंत्र रांगा होत्या, सगळं छान चाललं होतं. एके दिवशी कार्डाच्या रांगांची संख्या बदलायची म्हणून मी एमक्यूप्रायो काढली आणि नंतर परत लावणारी स्क्रिप्ट मध्येच थांबली. मूळ क्यूडिस्क होती पीफिफो_फास्ट. तिच्या तक्त्यात ५ जातो सगळ्यात खालच्या पट्ट्यात आणि ० जातो मधल्या! ज्या रांगेत दोघं एकत्र आले तिथे स्टोरेज बॅकअपच्या मागे उभं राहिलं. फाइल उघडून पाहिली तर ओळ जशीच्या तशी: ईटीएच० ५. आकडा जागेवर होता, अर्थ पळाला होता. हे शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला.

प्रतिसाद १

अनुभव खरा आहे, उपाय पटत नाही. फाइलला दोष देऊ नका.

सीग्रुपच्या फाइलची ताकद मालकीत आहे. एका गटाची डिरेक्टरी मी दुसऱ्या युजरच्या नावावर करू शकतो. तो आपल्या हद्दीत हवं ते करेल, बाहेर त्याचा हात पोचणार नाही. नेटलिंकने क्यूडिस्क बदलायची तर कॅप_नेट_अ‍ॅडमिन लागतं. ही नेटवर्कची सेटिंग बदलायची सरसकट परवानगी; ती दिली की तो माणूस रूटिंग टेबलही बदलू शकतो. एका गटाचं प्राधान्य ठरवायला घराची किल्ली का द्यायची?

शिवाय डिव्हाइसला प्रोसेस म्हणजे काय ते ठाऊक नसतं आणि प्रोसेसला रांगा ठाऊक नसतात. दोन थर वेगळे आहेत म्हणून दारंही दोन आहेत. तुमची स्क्रिप्ट पडली, त्यात इंटरफेसचा काय संबंध?

प्रतिसाद २

प्रतिसाद १ मधला मालकीचा मुद्दा मान्य, पण नेट_प्रायो हे त्याचं चांगलं उदाहरण नाही. पॅकेटवर आधीच शून्याखेरीज दुसरा आकडा असेल तर कर्नल सीग्रुपच्या तक्त्याकडे बघतसुद्धा नाही. अ‍ॅप्लिकेशनने एसओ_प्रायॉरिटीने १ लावला, किंवा टाइप ऑफ सर्व्हिस (पॅकेटमधली सेवेच्या प्रकाराची खूण) बदलताना तो आपोआप बदलला, तर अ‍ॅडमिनची ओळ फुकट. आणि ० ते ६ आकडे लावायला अ‍ॅप्लिकेशनला कुठलीही खास परवानगी लागत नाही. कंट्रोलर तर आणला होता याच कारणासाठी की प्राधान्य हा त्या-त्या ठिकाणच्या अ‍ॅडमिनचा निर्णय असतो.

त्यातून ती फाइल फक्त मूळ नेटवर्क नेमस्पेसमधली (मशीनच्या स्वतःच्या, कंटेनरबाहेरच्या नेटवर्कमधली) डिव्हाइसं ओळखते. कंटेनरच्या आत ती कुचकामी. सीग्रुपच्या नव्या आवृत्तीत, व्ही२ मध्ये, हा कंट्रोलर घेतलाच नाही, ते बरं झालं.

प्रतिसाद ३

मग नवीन इंटरफेस हवाच कशाला? कर्नल ४.१४ पासून (२०१७) सीग्रुपला जोडलेला बीपीएफ प्रोग्राम (कर्नलच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) सॉकेट तयार होतानाच प्रायॉरिटी लावू शकतो. धोरण तिथे लिहा. कर्नलने हुक (आपला कोड अडकवायची जागा) द्यावा, बाकी आपलं आपण बघावं.

प्रतिसाद ४ (धागालेखक)

प्रतिसाद ३: रात्री तीनला मशीन अडलं की मला 'या गटाला काय लागलंय' हे एका कमांडमध्ये वाचता आलं पाहिजे. दुसऱ्याने लोड केलेला बीपीएफ प्रोग्राम वाचत बसणं हे त्याचं उत्तर नाही. आणि तुमचा प्रोग्रामही शेवटी ५ च लावणार ना? त्या ५ चा अर्थ अजूनही क्यूडिस्ककडेच.

प्रतिसाद १: स्क्रिप्ट पडणारच. पडल्यावर व्यवस्था कुठल्या अवस्थेत राहते, हे मात्र इंटरफेस ठरवतो. दोन पायऱ्या असल्या की मधली अवस्था आलीच.

प्रतिसाद ५

मी ड्रायव्हर लिहितो, म्हणून खालच्या बाजूचं सांगतो. 'एका संदेशात' म्हणजे एका क्षणात, असं समजू नका. क्लासचा तक्ता बदलला की बऱ्याच कार्डांवर रांगा थांबवाव्या लागतात, रिंग (कार्ड आणि ड्रायव्हरमधल्या पॅकेटांच्या याद्या) नव्याने उभ्या कराव्या लागतात. अणुवत बदल, म्हणजे मधली अवस्था न येता एकदम होणारा, सॉफ्टवेअरपुरताच. एका संदेशाचा खरा फायदा दुसरा आहे: सगळी मागणी समोर असते, त्यामुळे ती आधी तपासून मग हात घालता येतो, आणि नाकारायची झाली तर नेमकं कारण देता येतं. कर्नल ४.१२ पासून नेटलिंकमध्ये चूक शब्दांत सांगायची सोय आहे. त्याआधी नुसतं ईइन्व्हॅल ('मागणी चुकीची' एवढीच एरर) मिळायचं आणि समोरचा अंदाज बांधत बसायचा.

मात्र संदेशाचा आकार जपून ठरवा. एमक्यूप्रायोने १६ खणांचं ठरीव स्ट्रक्चर कायमचं यूझरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांना) देऊन टाकलं. पुढे मोड आणि शेपर (वेगमर्यादा) हवे झाले तेव्हा त्याच स्ट्रक्चरच्या शेपटीला नेटलिंक अ‍ॅट्रिब्यूट चिकटवावे लागले. आजही ते पार्स करताना आधी स्ट्रक्चरची लांबी ओलांडायची, मग अ‍ॅट्रिब्यूट वाचायचे. पहिल्या दिवसापासून प्रत्येक क्लास स्वतंत्र अ‍ॅट्रिब्यूट असता तर ही कसरत करावी लागली नसती.

आणखी एक, माझ्या मते सगळ्यात मोठं: लिहिणारे एकटे तुम्ही नसता. डेटा सेंटर ब्रिजिंगमध्ये (इथरनेटवर प्राधान्याचे क्लास ठरवायच्या मानकांत) समोरचा स्विच एलएलडीपीवरून (शेजारच्या उपकरणाला आपली माहिती कळवायच्या प्रोटोकॉलवरून) आपले क्लास कळवतो आणि ते कार्डावर लागू होतात. त्यामुळे 'मी काय मागितलं' आणि 'प्रत्यक्षात काय लागलं' ही दोन उत्तरं वेगवेगळी वाचता आली पाहिजेत. लिहिण्यावर इतकी चर्चा झाली, वाचण्यावर अजून कोणीच बोललं नाही.

प्रतिसाद ६ (धागालेखक)

वाचण्याचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. तशी सोय असती तर माझा दिवस वाचला असता, कारण फाइलने मला फक्त माझीच मागणी परत दाखवली.

प्रतिसाद १ च्या मालकीच्या मुद्द्यावर रात्रभर विचार केला. माझा प्रस्ताव बदलतो. क्लासना नावं द्यावीत: 'स्टोरेज', 'बॅकअप'. नाव, त्याचा क्रम, त्याच्या रांगा, हे सगळं अ‍ॅडमिन एका नेटलिंक संदेशात ठरवेल. सीग्रुपची फाइल राहू दे, पण तिच्यात आकडा लिहायचा नाही, नाव लिहायचं. नसलेलं नाव लिहिलं की लिहितानाच एरर. वापरात असलेला क्लास काढायला गेलात तर ईबिझी ('वापरात आहे' ही एरर).

प्रतिसाद ७ (प्रतिसाद १ चा लेखक)

नावांवर मी तयार आहे. ईबिझीवर नाही. कार्ड लटकलंय, ड्रायव्हर काढून परत घालायचाय आणि कर्नल म्हणतो अमुक गट हा क्लास वापरतोय? अशा वेळी अडवणारा इंटरफेस मला नको. क्लास जाऊ दे, गटाचं ट्रॅफिक ० वर येऊ दे.

प्रतिसाद ८ (धागालेखक)

ठीक, ० वर येऊ दे, निदान सगळ्यांच्या मागे तरी पडणार नाही. पण मग दोन गोष्टी हव्यात: फाइल वाचली की नावापुढे 'लागू नाही' असं दिसलं पाहिजे, आणि त्याच क्षणी नेटलिंकच्या मल्टिकास्ट ग्रुपवर (ऐकणाऱ्या सगळ्या प्रोग्रामांना एकदम पोचेल अशी) सूचना गेली पाहिजे. एवढं मिळालं तर ईबिझी सोडायला माझी हरकत नाही.