शाळेत धोक्याचा भोंगा कायद्याने सक्तीचा करावा का?

लोटेचा पालक
फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत 14 फेब्रुवारी 2018 ला गोळीबार झाला, 17 जण गेले. त्यातल्या 14 वर्षांच्या अलिसा अल्हाडेफच्या नावाने न्यू जर्सीने 2019 मध्ये कायदा केला, पुढच्या वर्षी फ्लोरिडाने. शाळेत कळ दाबली की वर्दी थेट पोलिसांकडे जाते.

आपल्याकडे बंदुकीची भीती नाही. पण माझ्या मुलीच्या वर्गातून रासायनिक कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. डिसेंबर 2024 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडला वायू पसरला आणि शाळकरी मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. कारखान्याचा भोंगा कामगारांसाठी. कुंपणापलीकडच्या शाळेला कोण कळवणार? शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं 2016 पासून आहेत, पण कपाटात. प्रत्येक शाळेत तालुक्याच्या नियंत्रण कक्षाशी जोडलेला भोंगा हवा, आणि तो कायद्यानेच हवा.

मंडणगडची शिक्षिका
माझा विरोध. जोडलेला म्हणजे कशाने जोडलेला? 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्या वाडीत कित्येक दिवस ना वीज, ना रेंज. आमची शाळा दोनशिक्षकी. 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000 रुपये संयुक्त अनुदान मिळतं. त्यात वीजबिल, खडू, गळकी कौलं. भोंग्याची बॅटरी मेली की खुलासा मुख्याध्यापकांनीच द्यायचा.

माझी मुलं पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडून येतात. पावसामुळे सुट्टीचा निरोप येतो तेव्हा ती घरातून कधीच निघालेली असतात. आधी त्यावर साकव बांधा.

लोटेचा पालक
बाई, साकव हवाच, पण वायू काही साकवावरून येत नाही. एकाच्या नावाखाली दुसरं अडवलं तर दोन्ही राहतात. खर्च शाळेवर टाकायचा नाही, जिथे कारखाने आहेत तिथे तो त्यांच्यावर. भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, आसपासच्या रहिवाशांनाही धोक्याची माहिती देणं बंधनकारक झालं. सक्ती नसती तर कुणी आपणहून सांगितलं असतं?

महाडकर
दोघांनाही एक विचारतो. भोंगा वाजल्यावर मुलांनी करायचं काय?

पार्कलंडमध्ये गोळीबारातच आगीची घंटा वाजली. आग लागली समजून काही मुलं वर्गाबाहेर आली, नेमकी धोक्यात. आपल्याकडेही तेच होईल. वायू आला तर दारं-खिडक्या लावून आत थांबायचं. दरड येत असेल तर बाहेर पडून उतारापासून लांब जायचं. एकाच आवाजावर दोन उलट गोष्टी कशा करणार? पहिलीतल्या पोराला तर पळणं एवढंच सुचतं.

दुसरं. 22 जुलै 2021 ला आमच्या महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली तेव्हा रस्ते पाण्याखाली होते, मदत पथकं दुसऱ्या दिवशी पोचली. तालुक्याला कळून उपयोग काय? डोंगराला भेग पडली, झऱ्याचं पाणी गढूळ झालं, हे आधी गावातल्या माणसाला दिसतं. म्हणजे इशारा खालून वर जायला हवा. तुम्ही मागता त्या कायद्यात तो फक्त वरून खाली येतो. मी कायद्याच्या विरोधात नाही, या कायद्याच्या विरोधात आहे.

मंडणगडची शिक्षिका
हे पटलं. आमच्याकडे देवळाची घंटा अवेळी वाजली की माणसं घराबाहेर येतात, अर्थ कुणाला शिकवावा लागत नाही. शाळेतही हाताने वाजवायची घंटा आहे, तिला वीज लागत नाही. थांबून थांबून वाजली तर आत, सलग वाजली तर बाहेर. दर सत्रात एकदा रंगीत तालीम घ्यायची आणि तो तास अभ्यासक्रमात धरायचा. घंटा वाजवायला वरच्या परवानगीची वाट बघायची नाही आणि चुकून वाजली तर शिक्षकाला नोटीस यायची नाही. कायद्यात हे लिहून येणार असेल तर माझा पाठिंबा. नुसतं यंत्र येणार असेल तर माझा विरोध कायम.

लोटेचा पालक
दोन आवाजांचं मान्य, माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी लावायची आणि घंटेचे दोन प्रकारचे ठोके ठरवायचे, हे विषय मांडतो. त्याला कायदा लागत नाही.

पण कारखान्यात गळती झाली की पाच मिनिटांत शाळेला कळलं पाहिजे, हे घंटेने होणार नाही. तिथे सक्तीच हवी. त्यावरून मी हटणार नाही.