मदत हवी आहे : हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी यांचा मेळ बसत नाही

नमस्कार. छतावरील सौर पॅनेलना जोडलेल्या ५ किलोवॅटच्या हायब्रिड इन्व्हर्टरला मी नुकतीच ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जोडली आहे. चार्जिंग व्यवस्थित होते. मात्र रात्री वीज गेल्यावर बॅटरीच्या पडद्यावर ३८ टक्के दिसत असतानाच इन्व्हर्टर ‘बॅटरी लो’ दाखवून बंद पडतो.

या बॅटरीचा व्होल्टेज बराच काळ जवळजवळ स्थिर राहत असल्याने केवळ त्यावरून काढलेली टक्केवारी फसवी असते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच बीएमएस (बॅटरीतील देखरेख करणारी यंत्रणा) आणि इन्व्हर्टर कॅन केबलने, म्हणजे दोघांत माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या केबलने, जोडून पाहिले, परंतु दोन्हीकडील सॉकेट सारखे दिसत असले तरी पिनांची मांडणी वेगळी निघाली आणि संपर्क झालाच नाही. (सॉकेट सारखे म्हणजे जोडणीही सारखी, हा माझा भाबडेपणा.)

सध्या चार्जिंग ५६ आणि कट-ऑफ (ज्या व्होल्टेजला इन्व्हर्टर बॅटरी वापरणे थांबवतो) ५० व्होल्टवर ठेवला आहे. प्रत्येक सेलला ३ व्होल्ट या हिशेबाने १६ सेलसाठी कट-ऑफ ४८ व्होल्टपर्यंत खाली आणणे योग्य ठरेल का, की पंप सुरू होताना क्षणभर होणारी व्होल्टेजची घसरण हेच खरे कारण असावे? केबलच्या पिना स्वतः बदलून घेतलेल्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा.