जिरं, शहाजिरं, शेप: भिंगाखाली ओळखायचं कसं?

गोडामसाला_पुणे: पुण्यात घाऊक घेतलेल्या जिऱ्यात बारीक, बिनवासाचे दाणे आहेत आणि चोळल्यावर तळहात काळा होतो. शहाजिऱ्याचीही शंका आहे. जवळ दहापट भिंग आणि शाळेतला मायक्रोस्कोप आहे. काय बघू?

वनस्पती_कोथरूड: तळहात काळा होणं हीच मोठी खूण. गवताच्या बियांना कोळशाची पूड चोळून जिऱ्यात मिसळतात. संशयित दाणा आडवा कापून आयोडीनचा थेंब टाका. गवताच्या बीत स्टार्च असतो, ती निळी-काळी पडते. जिऱ्यात स्टार्च नसतो, त्यामुळे त्यावर आयोडीनचा पिवळट-तपकिरी रंगच राहतो. धणे, ओवा, बडीशेप यांचंही तसंच.

मग भिंग. जिऱ्याच्या उभ्या कंगोऱ्यांवर राठ, आखूड केस दिसतात. हाताळणीत बरेच झडतात, म्हणून एका दाण्यावर निकाल देऊ नका, पंधरा-वीस तरी बघा. बडीशेप तुळतुळीत, बिनकेसांची. बाळंतशेप चपटी, कडेला फिकट पंखासारखी पट्टी. ओवा जेमतेम दोन मिलिमीटर, पृष्ठभाग खरखरीत.

स्लाइडवाली: आडवा छेद घ्याच. प्रत्येक दाणा दोन अर्धुकांचा असतो. जिरं, बडीशेप, ओवा, बाळंतशेप यांच्या एका अर्धुकात बहुधा सहा तैलनलिका, म्हणजे तेलाच्या बारीक नळ्या, दिसतात, चार पाठीकडे आणि दोन सपाट बाजूला, जिथे अर्धुकं जुळतात. त्यामुळे नुसते आकडे मोजून जिरं आणि बडीशेप वेगळी होणार नाहीत, केस बघावेच लागतील. धण्यात मात्र सपाट बाजूच्या दोनच ठळक. परदेशी अनीसमध्ये पाठीकडे कितीतरी बारीक नलिका, शिवाय अंगावर लव. लखनवी शेप म्हणजे अनीस नव्हे, ती बारीक बडीशेपच.

गोडामसाला_पुणे: छेद भुगा होतोय. नलिकाही दिसत नाहीत.

स्लाइडवाली: कोरडा दाणा फुटणारच. रात्रभर पाण्यात भिजवा, घाई असेल तर पाच मिनिटं उकळा. फार उकळला तर लगदा होतो. गाजराच्या तुकड्याला चीर देऊन दाणा त्यात उभा धरा, नवीन ब्लेड ओलं करून एकाच दिशेने ओढा. करवतीसारखं मागेपुढे केलं की नलिका फाटून तेल सगळीकडे पसरतं. सर्वात पातळ, अर्धपारदर्शक काप ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा. आधी चाळीसपट, मग शंभरपट. जाड काप नुसता काळा दिसतो, तुमचं तेच होत असावं.

वनस्पती_कोथरूड: शहाजिऱ्याबद्दल. या नावाखाली दोन मसाले विकले जातात. काश्मीरकडचं खरं शहाजिरं बारीक आणि गडद असतं, वास जिऱ्याच्या अंगाने जाणारा पण मातकट. दुसरं विलायती, म्हणजे कॅरवे: कोयरीसारखं वाकलेलं, तपकिरी अंगावर पाच फिकट कंगोरे ठळक, चुरडल्यावर बाळंतशेपेच्या जवळचा वास, कारण दोन्हींत कार्व्होन हे वासाचं द्रव्य असतं. गोड्या मसाल्यात हा फरक लगेच जाणवतो. दाणा त्रिकोणी, काळा, कंगोरे नसलेला निघाला तर ती कलौंजी, तिचं कुळच वेगळं.