डिक डेल: 1962 चा आवाज की नव्वदीतला? आणि लाइव्हमध्ये एवढं काय होतं?

तापीकाठचा_गिटारवाला (भुसावळ)
मंडळी, सध्या सर्फ रॉकवाला (लाटांवर सर्फिंग करणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या पोरांचं गिटार संगीत) अमेरिकन गिटारिस्ट डिक डेल ऐकतोय, सुरुवात बाकी सगळ्यांसारखीच पल्प फिक्शन सिनेमातल्या त्याच्या मिसिरलू या ट्यूनवरून. पण 1962 चा सर्फर्स चॉइस अल्बम लावला तर सॅक्सोफोन, मधेमधे गाणं, मस्त नाचायचा माल, आणि 1993 चा ट्रायबल थंडर लावला तर माणूस तोच आहे का असं वाटतं. वरून जो तो म्हणतो रेकॉर्ड सोडा, लाइव्ह बघायला पाहिजे होता. असं काय होतं? आणि माझा 15 वॉटचा अँप (गिटारचा अॅम्प्लिफायर) आहे, रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) फुल केला तरी तो आवाज येत नाही, नुसतं विहिरीत वाजवल्यासारखं होतं 😅

चटणी_भाकर (जळगाव)
पहिले रिव्हर्ब कमी कर भो. 1961 चं त्याचं लेट्स गो ट्रिपिन ऐक, गिटारवर रिव्हर्बच नाहीये, तरी सर्फ म्हणूनच वाजतं. रिव्हर्ब नंतर आला आणि तोही आधी गाण्याच्या आवाजासाठी हवा होता त्याला. खरा खेळ उजव्या हाताचा... म्हणजे त्याच्या डाव्या 😄 डावखुरा होता, तारा न बदलता गिटार उलटी धरायचा, जाड तार खालच्या बाजूला. मिसिरलूची सुरुवात एकाच जाड तारेवर आहे, वर-खाली वर-खाली, पिक (तार छेडायची चकती) घासून संपेपर्यंत. वडिलांकडून लेबनीज, काकाचं ऊद (अरबी तंतुवाद्य) आणि हातढोल लहानपणापासून कानावर, ती लय तिथली आहे, समुद्राचं नाव नंतर चिकटलं.

साउंडवाला_धुळे
तुन्हं बरोबर शे भो, पण अर्धंच. कॅलिफोर्नियात बाल्बोआच्या रॉंदेव्हू बॉलरूममध्ये (नाचायचा मोठा हॉल) त्याच्या शोला हजारोंनी पोरं नाचायची. आता ज्यांनी लग्नात साउंड लावलाय त्यांना माहिती, रिकाम्या मंगल कार्यालयात चेक केलेला आवाज वऱ्हाड आत आलं की दबतो, माणसं आवाज पिऊन टाकतात. तेच त्याचं झालं, अँप आणि स्पीकर उडवत राहिला आणि फेंडर गिटार-अँप कंपनीवाला लिओ फेंडर नवे बनवून देत राहिला, शेवटी 15 इंची जेबीएल स्पीकर आणि 85 वॉटचा शोमन अँप. म्हणजे आवाज बदलला तो गर्दीमुळे, स्टुडिओत बसून नाही. तेव्हाच्या रेकॉर्डिंगमध्ये ते वजन मावलंच नाही, नव्वदीत मावलं. तुला दोन माणसं वाटतात ती यामुळे.

खान्देशी_कान
मला नव्वदीतला नुसता गोंगाट वाटतो, स्पष्ट बोलतो. सॅक्स गेला, गिटार-बेस-ड्रम उरले, चाल कमी आणि दणका जास्त. पण लाइव्ह व्हिडिओ बघितले की तक्रार बंद होते. मधेच ड्रमच्या काठ्या घेऊन बेसच्या तारांवर वाजवतो, मधेच ट्रम्पेट काढतो, आता काय येईल कोणाला माहिती नाही. कॅन्सर, डायबेटिस, दवाखान्याची बिलं, त्यासाठी म्हातारपणी पण टूर करत राहिला, 2019 मध्ये 81 व्या वर्षी गेला तोपर्यंत.

तापीकाठचा_गिटारवाला (भुसावळ)
भारी माहिती भाऊ लोकं 🙏 तारा कोणत्या लावायचा तो? तशाच मागवू का?

चटणी_भाकर (जळगाव)
16 पासून 58 पर्यंत (तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). नको मागवू, नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) घासावा लागेल आणि स्वस्त गिटार असेल तर नेक वाकेल. 11 चा सेट लाव (सगळ्यात बारीक तार 11), ब्रिजवाला पिकअप (तारांच्या खालच्या टोकाजवळचा), गेन अगदी कमी म्हणजे आवाज फाटणार नाही. आणि गावात बेंजो पार्टी असेल ना, त्यातल्या बेंजोवाल्याचा हात जवळून बघ एक दिवस, हळदीत दोन-दोन तास न थांबता मारतात ते.

साउंडवाला_धुळे
आणि 15 वॉटवर घरात बसून तो दणका येणार नाही, शेजारी आधी येतील.