टाऊन हॉलचे खांब आणि भायखळा

कुणीतरी लिहिलंय की मुंबईच्या फोर्टातला टाऊन हॉल (एशियाटिक सोसायटीची इमारत) म्हणजे उचलून आणलेलं ग्रीक देऊळ, त्यात मुंबईचं काहीच नाही. समोरून पाहिलं तर हे पटतं. डोरिक या साध्या ग्रीक शैलीतले आठ खांब, वरचा त्रिकोणी माथा, खाली तीस पायऱ्या. पण खिडक्यांवरच्या लाकडी झापा जरा थांबून बघा. उन्हापावसाला अडवणारी ही सोय ग्रीसची नाही, ती आपल्या हवेची आहे. इमारतीचा आराखडा करणारा कर्नल थॉमस कूपर लष्करी इंजिनियर होता, त्यामुळे इथला पाऊस त्याला ठाऊक असणारच. १८३३मध्ये पूर्ण झालेली इमारत एवढे पावसाळे झेलून आजही उभी आहे!

खांबांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. ते इंग्लंडहून जहाजाने आले, पण इमारतीला फारच मोठे ठरले आणि त्यातले काही भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला दिले गेले, असं सांगतात. हे कळल्यावर एका रविवारी मी आधी एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसलो, मग बसने थेट भायखळ्याला गेलो. चर्चच्या खांबावर तळहात ठेवला तेव्हा अंगावर काटा आला. फोर्टात हेरिटेज वॉकला माणसं येतात, भायखळ्याच्या या खांबांकडे मात्र कुणी वळत नाही, याचं फार वाईट वाटतं. पुढचा कट्टा तिथेच भरवूया का? मी यायला तयार आहे.