मुलांकडून प्रार्थना पाठ करून घ्यावी, की त्यांना त्यांच्या शब्दांत करू द्यावी?

एक आई, पुणे

माझे बालपण अहिल्यानगरात गेले. अमेरिकन मराठी मिशनचे काम तिथे १८३१ साली सुरू झाले आणि आमचे घराणे त्या ख्रिस्ती मंडळीतलेच. दिवेलागण झाली की सगळे चटईवर बसत. आजोबा शास्त्रपाठ वाचत, नारायण वामन टिळकांचे एखादे भजन होई, मग थोरल्यापासून धाकट्यापर्यंत प्रत्येकाने आपली प्रार्थना करायची आणि शेवटी सर्वांनी मिळून येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणायची. पाचव्या वर्षी मला ती तोंडपाठ होती. मात्र ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या ओळीतले ऋण म्हणजे गणितातले वजा चिन्ह, अशी माझी समजूत सातवीपर्यंत कायम होती आणि ती तशी आहे, हे घरात कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

आता माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यात त्याची आज्जी आजारी होती. ती बरी व्हावी म्हणून त्याने जवळजवळ दोन महिने रोज रात्री प्रार्थना केली, आणि आज्जी गेली. भेटायला आलेल्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीने त्याच्यादेखत ‘आपलाच विश्वास कमी पडला’ असे म्हटले. तेव्हापासून तो उपासनेला बसतो, पण त्याची पाळी आली की मान खाली घालून गप्प राहतो.

माझे मत असे झाले आहे की दहा-बारा वर्षांपर्यंत मुलांकडून काहीही पाठ करून घेऊ नये आणि पाळीची सक्तीही करू नये. आईवडील प्रार्थना करताना त्यांना दिसावेत, एवढे पुरे. प्रभूने स्वतः खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करण्यास सांगितले आणि व्यर्थ बडबडीविषयी बजावले. शिवाय प्रभूची प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानात एका प्रकारे आहे आणि लूकच्या शुभवर्तमानात त्याहून थोडक्यात आहे. नेमक्या शब्दांना इतके महत्त्व असते, तर दोन्ही ठिकाणी ती सारखीच आली नसती का?

निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर

ताई, आपल्या मुलाचे दुःख वाचून वाईट वाटले, आणि त्याच्यादेखत ते वाक्य उच्चारले जायला नको होते, याविषयी दुमत नाही. परंतु त्या प्रसंगावरून आपण जो निष्कर्ष काढला आहे, तो मला मुळीच मान्य नाही.

वधस्तंभावर प्रभूने जे शब्द उच्चारले, ते आठवून पाहा. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही पवित्र शास्त्रातल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, आणि आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवतानाचे शब्द एकतिसाव्या स्तोत्रातले आहेत. यहुदी घरातल्या मुलाच्या कानांवर स्तोत्रे लहानपणापासून पडत असत. प्राण जात असताना प्रभूच्या ओठांवर आले, ते हे ऐकून मुखोद्गत झालेले शब्द. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात तर स्पष्ट आज्ञा आहे की घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता ही वचने मुलांच्या मनावर बिंबवावीत, आणि बिंबवणे पुनरावृत्तीशिवाय होत नाही.

आपल्या भाषेचाही विचार करावा. फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीत रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. ओवी कानाने ऐकून स्मरणात राहते, हे त्यांनी जाणले होते. आपल्या पणज्यांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती, तरी भजने आणि स्तोत्रे त्यांना येत होती, आणि त्यांच्याकडूनच हा विश्वास आपल्यापर्यंत आला.

माझ्या आईला अखेरच्या तीन वर्षांत माझे नाव आठवत नसे. मी तिच्याजवळ बसून ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ एवढे म्हणून थांबलो की ती ‘मला काही उणे पडणार नाही’ असे म्हणून पुढे चालू लागे, आणि मृत्युछायेच्या दरीपाशी आली की माझा हात घट्ट धरत असे. तिच्या बालपणी कोणी तिच्या इच्छेची वाट पाहत बसले असते, तर त्या तीन वर्षांत आम्हा दोघांजवळ एकही शब्द उरला नसता. अर्थ मागाहून कळतो. ऋणाचा अर्थ आपल्याला कळला तो ओळ पाठ होती म्हणूनच.

एक बाप, वसई

आम्ही कॅथलिक. संध्याकाळी गुडघे टेकून जपमाळ म्हणणे आमच्याकडे अजून पुष्कळ घरांत टिकून आहे, निदान ऑक्टोबर महिन्यात तरी. त्यामुळे पाठांतराला माझा विरोध असण्याचे कारण नाही. माझी अडचण भाषेची आहे. आम्ही घरात सामवेदी ही वसईकडची बोली बोलतो, प्रार्थनेची मराठी ग्रंथातली आहे आणि मुलींची शाळा इंग्रजी आहे. धाकटी शाळेत ‘अवर फादर’ म्हणते, घरी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणते, आणि या दोन्ही एकच प्रार्थना आहेत हे तिला आठव्या वर्षी मी सांगितले, तेव्हा तिला नवल वाटले.

माझी आजी लॅटिन प्रार्थना म्हणत असे आणि तिला त्यातला एकही शब्द कळत नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेत उपासनेची वाट मोकळी केली, ती लोकांना कळावे म्हणून. तेव्हा गुरुजी, अर्थ मागाहून कळतो हे आपले म्हणणे पूर्णपणे पटत नाही, कारण काहींना तो जन्मभर कळत नाही. आम्ही आता जपमाळेच्या प्रत्येक दशकाआधी (दहा मण्यांच्या भागाआधी) त्या दिवशीचे रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातला मननाचा प्रसंग, सामवेदीत, दोन वाक्यांत, मुलींकडूनच सांगून घेतो. वेळ थोडा जास्त लागतो, एवढेच.

संडे स्कूल शिक्षिका, सोलापूर

पाठांतराच्या वादात मूळ प्रश्न बाजूला पडला आहे, असे मला वाटते. ताईंचा मुलगा गप्प झाला त्याचे कारण पाठांतर नाही. तो तर स्वतःच्याच शब्दांत प्रार्थना करत होता. प्रार्थना म्हणजे मागणे आणि मागितले की मिळणे, एवढेच आपण मुलांना शिकवतो. परीक्षा सोपी जावी, ताप उतरावा, सहलीच्या दिवशी पाऊस पडू नये, अशाच प्रार्थना आमच्या वर्गातली मुले करतात, कारण मोठ्यांकडून त्यांनी त्याच ऐकलेल्या असतात.

गेथशेमाने बागेत प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो टळला नाही. ही कथा आम्ही मुलांना दुःखसहनाच्या आठवड्यात सांगतो, पण प्रार्थनेचा पाठ म्हणून कधीच सांगत नाही. तिथे विश्वास कमी पडला, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? त्या मुलाला हे कोणीतरी सांगायला हवे. देवाकडे तक्रार करता येते, हेही सांगायला हवे. तेराव्या स्तोत्रात दावीद ‘कोठवर?’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो.

नीतिसूत्रांतले मुलाला शिक्षण देण्याविषयीचे जे वचन मोठी माणसे शिस्तीसाठी वापरतात, त्यात आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ‘मुलाच्या स्थितीस अनुरूप’ असे शब्द आहेत. गप्प झालेल्या मुलाची स्थिती पाहिल्याशिवाय त्याला शिकवू नये आणि सोडूनही देऊ नये.

एक आई, पुणे

गुरुजी, आपल्या आईविषयी वाचल्यावर मी माझे अर्धे म्हणणे मागे घेते. पाठ केलेले शब्द माणसाला केव्हा धरून ठेवतील हे आधी सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. वसईच्या भाऊंप्रमाणे आधी अर्थ सांगून मग पाठ करून घेण्याचीही माझी तयारी आहे. पण पाळीच्या सक्तीविषयी माझे मत बदललेले नाही. आम्ही लहान असताना आमची पाळी येईपर्यंत धाकट्या काकांनी केलेलीच प्रार्थना मनात घोळवत असू आणि देवाकडे लक्ष नसे, हे मी अनुभवाने सांगते.

बाईंचे उत्तर वाचून काल रात्री मी मुलाला तेरावे स्तोत्र वाचून दाखवले. त्याने विचारले, “असं बोलल्याबद्दल दावीदाला शिक्षा झाली का?” मी नाही म्हटले. मग त्याने पुस्तक माझ्याकडून घेतले आणि तेच स्तोत्र स्वतः, मनातल्या मनात, बोट फिरवत वाचले. आज उपासनेत तो पुन्हा गप्पच होता. मी त्याला बोलण्यास सांगणार नाही.

निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर

सांगू नका, ताई. परंतु त्याला वगळून पुढच्या माणसाकडेही जाऊ नका. त्याची पाळी आली की तेवढा वेळ घरातल्या सर्वांनी त्याच्याबरोबर गप्प बसावे, आणि मग प्रभूची प्रार्थना सुरू करावी. ती मात्र त्याने सर्वांबरोबर म्हणावी, हा माझा आग्रह कायम आहे. त्या प्रार्थनेत ‘मी’ हा शब्द कुठेही नाही, सगळीकडे ‘आम्ही’ आहे. त्याला एकट्याला जे म्हणवत नाही, ते घरातल्या इतरांच्या आवाजात त्याच्याही वतीने म्हटले जाईल.