अनुभव धागा : जुन्या खिडक्या बदलल्या, फटींचं काय केलंत?

मंडळी, संभाजीनगरातल्या आमच्या जुन्या घराच्या सागवानी खिडक्या यंदा काढायच्यात. डिसेंबरात पहाटे फटींतून गार वारं, मेमध्ये तिथूनच झळा. तुमचं काय जमलं, काय फसलं ते सांगा. कंपन्यांची नावं नकोत.

परभणीहून :
आमच्याकडची थंडी ठाऊकच आहे. नव्या यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकच्या) खिडक्या बसवल्या आणि त्याच हिवाळ्यात आई म्हणाली, "आधीच्याच बऱ्या होत्या." पंखा बंद करून उदबत्ती चौकटीच्या कडेनं फिरवली. काचेपाशी धूर सरळ, भिंतीपाशी आडवा! मिस्त्रीनं बोटभर फट नुसत्या सिमेंटनं लिंपली होती. चौकट उन्हात फुगते, गारव्यात आकसते, सिमेंट सुटतं. सगळं खरवडलं, डब्यातून फवारला की फुगतो तो फोम भरला, वाळल्यावर ब्लेडनं कापला, वरून सिलिकॉन. फोम उघडा ठेवू नका, उन्हानं त्याचा भुगा होतो.

लातूर :
फोम आम्ही एका दमात गच्च भरला. फुगून चौकटीला बाक आला, झडप लागेना. थोडा थोडा भरा, बाबांनो.

जालना :
निजायच्या खोलीला झडपेचीच खिडकी घ्या, ती रबरावर दाबून बसते. स्लायडिंगची ब्रशपट्टी झिजली की धूळ आणि वारा दोन्ही घरात. आणि खालच्या रुळातली पाणी बाहेर जायची भोकं बुजवू नका. आमच्या शेजारच्या काकांनी वारा येतो म्हणून तिथं सिलिकॉन भरलं, पहिल्याच पावसात पाणी गादीपर्यंत.

नांदेड :
दुहेरी काच घेतली. थंडीत फरक पडला, कारण मधली कोंडलेली हवा ऊब अडवते. पण पश्चिमेचं ऊन साध्या दुहेरी काचेतूनही आत येतंच. शेवटी बाहेरून छज्जा काढला, उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा. हे आधी केलं असतं तर पैसे वाचले असते.

बीड जिल्हा, माळवदाचं घर :
आम्ही चौकट काढलीच नाही. पांढऱ्या मातीची दोन हात रुंद भिंत, हलवली की ढासळते. सुताराकडून झडपा रंधून घेतल्या, आतून रबराची पट्टी चिकटवली. झोप लागते.

@बीड : ताई, पट्टी कितीची आली? आणि सगळ्यांनाच सांगते, गॅस गिझर असलेल्या न्हाणीची झडप मात्र बंद करू नका. तिथं वारं हवंच.